शकूकाकूंचं आजोळ आणि आमची रविवारची मंडळी

पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला पूर्वज सापडतीलच असं नाही, किस्से मात्र हमखास सापडतात. एकाने एक सांगितला की दुसरा म्हणतो, “हे तर काहीच नाही, आमच्याकडे काय झालं...” आणि चहाचं आधण पुन्हा चढतं. दिल्लीत सरोजिनी नगरमधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी हेच चालतं.

मला स्वतःला पूर्वजांची हौस नाही. ज्यांनी मागे काही ठेवलं नाही, त्यांच्या मागे किती लागायचं! पण घर बाजाराजवळ, बायको सुगरण आणि मी रविवारी घरी असणारा सरकारी माणूस. त्यामुळे मंडळी आमच्याकडे जमायला लागली.

म्होरके देशपांडेकाका. ऑडिटमधून रिटायर झाले आणि त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतला. म्हणजे मूळ पुरुषापासून आजच्या पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांची नावनिशी. नोकरीत जी नजर फायलींवर होती ती आता पूर्वजांवर आली. नागपूरच्या एका पुतण्याने कळवलं, की आमच्या शाखेचे खापरपणजोबा मोठे सरदार होते. काकांनी पत्र परत पाठवलं. वर लाल शाईत शेरा, “पुराव्याअभावी अमान्य.”

पुतण्या फोनवर चिडला. काका शांतपणे म्हणाले, “अरे, आत्तापर्यंत प्रत्येक शाखेने एकेक सरदार पाठवलाय. सगळेच सरदार, तर मग सैन्यात कोण होतं?”

*

मंडळीत युनूस शेख आहे. मूळचा बार्शीचा, मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. प्राजक्ता आहे, परभणीची. राजेंद्र नगरला खोली घेऊन यूपीएससी करते आणि आमच्याकडे, तिच्याच शब्दांत, “वरण-भाताच्या रिव्हिजनला” येते.

पहिल्याच रविवारी काकांनी तिला विचारलं, “तुमची वंशावळ कुठवर नेली आहे?”

“पणजोबांपर्यंत. पण तेवढी एकदम पक्की आहे, काका. पणजोबांचा शाळेचा दाखला, आजोबांचा, वडिलांचा, चुलत्यांचा. वर वडिलांचं प्रतिज्ञापत्र.”

काकांचे डोळे चमकले. “वा! एवढा अभ्यास कोणी केला?”

“अभ्यास कसला? जात पडताळणीला लागतं ते. बाबांनी तहसील आणि शाळा यांच्यात चपला झिजवल्या, तेव्हा माझी इंजिनिअरिंगची सीट वाचली. तुमची हौस असते काका, आमची वंशावळ सरकार तपासून घेतं!”

काका म्हणाले, “म्हणजे या खोलीत ऑडिट झालेली वंशावळ फक्त हिची आहे.” त्या दिवसापासून तिला दुसऱ्यांदा वाढायची विद्याला, म्हणजे माझ्या बायकोला, काका स्वतः आठवण करून देतात.

*

आता शकूकाकू. देशपांडेकाकांच्या पत्नी. मंडळीत सगळ्यांत कमी बोलतात, पण बोलल्या की विषय संपतो. काकांच्या हातात स्वतःच्या चौदा पिढ्या आहेत. काकूंना स्वतःच्या आईचं माहेर माहीत नाही.

काकू पाळण्यात असतानाच त्यांची आई गेली. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पहिलीबद्दल त्या घरात कोणी बोललं नाही. आईचं नाव इंदिरा, एवढं काकूंना माहीत. पण ते लग्नात ठेवलेलं नाव. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बायकोचं नाव बदलायची आपल्याकडची रीत, त्यामुळे इंदिरा ही लग्नाआधी कोण होती, कोणाची होती, हे सांगायला कोणी उरलं नाही. सुट्टी लागली की शाळेतल्या मैत्रिणी आजोळी जायच्या. काकू म्हणतात, “मी विचारायचे, माझं आजोळ कुठे आहे? तर बाबा म्हणायचे, तुला नाही.”

काका-काकू एकदा हरिद्वारला गेले. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे घराण्यांच्या बह्या, म्हणजे जुन्या नोंदवह्या असतात, गावाचं नाव सांगितलं की नोंद काढून दाखवतात. काकांचे आजोबा तिथे निघाले. काका बहीवर वाकले. नोंदीत आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, आणि शेवटी “सोबत कुटुंब”.

काकूंनी विचारलं, “कुटुंब म्हणजे कोण? तिला नाव नव्हतं का?”

काकांनी बहीतून डोकं वर काढलं नाही. पुरोहित मात्र सज्जन होता. तो काकूंकडे वळून म्हणाला, “माताजी, आप अपनी माँ का मायका बताइए, उधर का भी निकाल देता हूँ.”

काकू उठून घाटावर जाऊन बसल्या. घरी आल्यावर काकांनी छापखान्याला फोन केला. कुलवृत्तांत छपाईला तयार होता, फक्त स्वतःच्या पानावर पत्नीच्या नावापुढे ‘आजोळ’ ही जागा कोरी होती. काका म्हणाले, “छपाई थांबवा. एक क्वेरी पेंडिंग आहे.”

*

तेव्हा कुठे डीएनए टेस्टचा विषय निघाला. काकूंची मुलगी सई कॅनडात असते. ती सुट्टीवर येताना किट घेऊन आली. कंपनीकडे जगभरातल्या लोकांचे नमुने असतात, त्यांच्याशी तुमचा जुळवून नातेवाईक आहे का ते कळवतात. काकूंसाठी आणलं तसं काकांसाठी आणलं, आणि युनूसने पैसे देऊन स्वतःसाठी एक मागवलं.

नळीत खुणेपर्यंत थुंकायचं, एवढंच काम. काकांनी चटकन उरकलं, युनूसने कशीबशी नळी भरली. काकूंच्या तोंडाला मात्र कोरड पडली. नळी हातात धरून बसल्या, एक थेंब नाही.

काका म्हणाले, “घरात संसारभर तोंडाचा पट्टा चालू, आणि आजच सुकलं?”

“तुम्हाला काय जातंय?” काकू म्हणाल्या. “तुम्हाला तुमचे सगळे माहीत आहेत. यातून काहीच आलं नाही तर मग मला विचारायला जागाच उरणार नाही.”

मग प्राजक्ता उठली, काकूंसमोर मांडी घालून बसली आणि सावकाश सांगायला लागली. “काकू, कच्ची कैरी आहे. गाभुळलेली नाही हां, कच्ची. फोड केली. वर तिखट, मीठ. आता ती दाढेखाली घेतली...” दोन मिनिटांत काकूंची नळी भरली. युनूस नाराज झाला. म्हणाला, “हे मला आधी सांगायचं ना, यार! मी सकाळपासून कारखान्यातला घाम आठवत बसलो होतो!”

*

नळ्या परत पाठवायला आम्ही बाजारातल्या कुरिअरवाल्याकडे गेलो. त्याने डबा हलवून पाहिला. “इसमें क्या है?”

“सैंपल है,” युनूस म्हणाला.

“किस चीज़ का?”

युनूस शब्द शोधत होता. काकांचा आयुष्यात कोणाला चुकीचं डिक्लेरेशन देण्यावर विश्वास नाही. ते पुढे झाले. “थूक का.”

कुरिअरवाल्याने डबा काउंटरवर ठेवला आणि काकांकडे आदराने पाहिलं. “अंकलजी, लोग यहाँ सड़क पर मुफ़्त में करते हैं. आप पार्सल करके विदेश भेज रहे हो!”

*

तिन्ही किटची नोंदणी युनूसने केली होती, त्यामुळे रिपोर्ट आले ते त्याच्या ईमेलवर. त्याने कारखान्यातल्या प्रिंटरवर छापून पाकिटांत घातले. तुमचे लोक कुठून कुठून आले असावेत, याचे नकाशे आणि रंगीत पट्टे. वर नाव नाही, फक्त किटचा नंबर.

काकांनी आठवडाभर अभ्यास केला आणि मराठी मंडळाच्या कोजागिरीला भाषण ठोकलं. आमच्या घराण्यात जी दंतकथा आहे, ती शास्त्राने कशी खरी ठरवली, वगैरे. तिकडे युनूसची अम्मीही बार्शीहून फोनवर खूश. “मी म्हणत नव्हते? तुझे पणजे असेच सांगायचे.”

पुढच्या रविवारी प्राजक्ताने नंबर जुळवून पाहिले. पाकिटं बदलली होती! काकांनी युनूसचे पूर्वज मिरवले होते आणि युनूसच्या अम्मीने काकांचे.

क्वालिटी बघणाऱ्या युनूसचं तोंड पाहण्यासारखं झालं. काकांनी चष्मा लावून स्वतःचा खरा रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि खाली ठेवला. “यातही जवळजवळ तेच आहे.”

“मग काका, आता भाषण मागे घ्यायचं का?”

“भाषण बरोबरच होतं,” काका म्हणाले. “फक्त व्हाउचर बदललं.”

*

काकूंच्या रिपोर्टात नकाशा होता, नातेवाईक मात्र कोणी नव्हता. त्यांनी पाकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि विद्याला पोळ्या लाटून देऊ लागल्या. काकांनी छापखान्याला पुन्हा थांबायला सांगितलं. छापखानेवाला आता काकांचा नंबर पाहून फोन उचलत नाही.

काही महिन्यांनी युनूसचा फोन आला. भर ऑफिसात. “सर, काकूंना मॅच आलाय. फर्स्ट कझिन. सख्खा मामेभाऊ किंवा तसंच काहीतरी. आडनाव साळवे. आणि सर, फरीदाबाद!”

दिल्लीतल्या मराठी माणसाला शेजारच्या फरीदाबादचा मराठी माणूस सापडायला नळी कॅनडातून यावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी सगळे जमलो, तोवर युनूसने माहिती काढली होती. सॅम्युअल साळवे, रेल्वेतून रिटायर. मूळ अहमदनगरकडचे, ख्रिस्ती. नातीने हौसेने त्यांची टेस्ट केली होती.

काकांमधला ऑडिटर जागा झाला. “पण कुठले साळवे? कोणते साळवे?”

काकू म्हणाल्या, “माझे.”

*

आम्ही रविवारी फरीदाबादला गेलो. काकू मेट्रोत सारखा पदर नीट करत होत्या. मला म्हणाल्या, “त्यांनी नको म्हटलं तर लगेच निघू हं. बसायचं नाही.”

साळवे दारातच उभे होते. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट. घरात सून, नातवंडं, स्वयंपाकघरातून मटणाचा वास. काकूंकडे पाहून त्यांनी नमस्कार केला. काकांनीच सुरुवात केली. काकूंच्या वडिलांचं नाव, गाव, ‘इंदिरा’ हे नाव.

“इंदिरा नाही,” साळवे म्हणाले. “एस्तेर. माझी आत्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिने हिंदू मुलाशी लग्न केलं. तिकडच्यांनी सांगितलं, मुलगी अनाथ आहे असं आम्ही गावात सांगणार, तुम्ही यायचं नाही. माझे आजोबा दोनदा गेले, दारातून परत आले. नंतर एका नर्सने निरोप आणला, एस्तेरला मूल झालं. मुलगा की मुलगी, तेही कळलं नाही.”

“एस्तेर,” काकू म्हणाल्या. मग पुन्हा एकदा म्हणाल्या.

मग त्यांनी आई कधी गेली ते सांगितलं. साळवे खुर्चीत बसले. “आम्हाला कोणी कळवलंच नाही,” एवढंच म्हणाले. सून पाणी घेऊन आली ती तशीच उभी राहिली. काकांनी चष्मा काढला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

थोड्या वेळाने दिवे लागले. धाकटी नात येऊन म्हणाली, “आजोबा, प्रेअर.”

साळवे आम्हाला म्हणाले, “आजीने घालून दिलेली पद्धत आहे. संध्याकाळी प्रार्थनेत घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची. आणि शेवटी, ‘दूर असलेली एस्तेर आणि तिचं लेकरू’. आजी गेली, वडील गेले, आम्ही म्हणत आलो. ही मुलं तर एका दमात म्हणून मोकळी होतात. कोण एस्तेर, त्यांना ठाऊक नाही.”

सगळे गोल उभे राहिले. नातवंडांनी आम्हालाही हात धरून ओढलं. काकांच्या एका बाजूला साळव्यांची सून, दुसऱ्या बाजूला मी. साळव्यांनी डोळे मिटले आणि परत उघडले.

“पण आता लेकरू कसं म्हणायचं?” ते काकूंना म्हणाले. इतका वेळ अहो-जाहो करणारा माणूस एकदम एकेरीवर आला. “तुझं नाव सांग.”

काकू गडबडल्या. “कुठलं सांगू? सासरचं की माहेरचं?”

“इथे सासरचं कशाला?” साळवे म्हणाले. “माहेरचं सांग.”