लेकीला मरायला घर

डॉक्टरीणबाईंनी ब्लियाच्या पोटावरची चादर सारखी केली, म्हातारीला बाजूला घेतलं आणि लहान मुलाला समजवावं तसं सावकाश थाई भाषेत सांगितलं, "आजी, आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या. घरच्या माणसांत राहू दे तिला."

झुआने मान डोलावली. तिला थाई अर्धीमुर्धीच कळायची, पण एवढं नीट कळलं. घरी म्हणजे कोणाच्या घरी, एवढंच कळेना.

तिचा मुलगा तेंग पिकअप घेऊन आला होता. मागच्या हौद्यात गादी टाकून त्याने बहिणीला निजवलं आणि डोंगर चढून गाव गाठलं. गाडी घराच्या दाराशी थांबली नाही. घराला वळसा घालून, डुकरांच्या कुंपणापलीकडे आलं साठवायची पत्र्याची शेड होती, तिथे थांबली. आत पोती एका अंगाला सरकवलेली आणि बांबूचा नवाकोरा माच बांधलेला. म्हणजे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

"इथे?" झुआ म्हणाली.

"पंखा लावतो, आई. मच्छरदाणीही आणलीय."

"मी पंख्याचं विचारलं का तुला?"

तेंगने हौद्याची फळी खाली पाडली. "तुला सगळं माहीत आहे. मला बोलायला लावू नकोस."

माहीत होतंच. त्यांच्या हमोंग जमातीत मुलगी लग्न होऊन सासरच्या उंबऱ्याशी उभी राहते, तेव्हा तिच्या डोक्यावरून जिवंत कोंबडा ओवाळतात. तेवढ्यात माहेरच्या भिंतीवरच्या देवाशी, चुलीशी, मधल्या खांबाशी तिचं नातं तुटतं. जिवंतपणी सासरचं माणूस, मेल्यावर सासरचं भूत. माहेरी पाहुणी म्हणून यावं, जेवावं, दोन दिवस राहावं; पण तिथे बाळंत व्हायचं नाही, आणि मरायचं तर मुळीच नाही. परक्या कुळाचं मढं घरात पडलं तर घरचे पितर उठून चालते होतात आणि मागे राहिलेल्यांना एकेक करून आजार धरतो. हे झुआला तिच्या आजीने सांगितलं होतं, आणि झुआने ब्लियाला.

झुआ जन्माने मुआ कुळातली. पोरसवदा वयात ओढ्यावर पाणी भरताना चोंगसू लोर आणि त्याच्या भावांनी तिचा हात धरला आणि ओढत नेली. तेव्हाची ती रीतच होती. ती किंचाळली, एकाच्या मनगटाला कडकडून चावली. वाटेवरच्या बायका बघत उभ्या होत्या. त्यातली एक हसून म्हणाली, "ओरड गं, अजून ओरड! न ओरडता गेलीस तर लोक म्हणतील, पोरीलाच घाई झाली होती." मग लोरांच्या दारात कोंबडा, आणि झालं. चोंगसूने पुढे जन्मभर तिच्यावर हात उगारला नाही. तेवढ्यावर तिने त्याला माफ केलं की नुसती विसरली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ब्लियाचं तसं झालं नाही. तिने नव्या वर्षाच्या जत्रेत चेंडू झेलता झेलता आपला नवरा आपणच निवडला. मध्यस्थ काळी छत्री घेऊन रीतसर दाराशी आले, दारू प्याले, मागणीची गाणी म्हणाले. शेजारणी म्हणाल्या, बघा, काळ बदलला. बदलला तो तेवढ्यापुरताच. ब्लियाला एकच मुलगी झाली, पाकू, मुलगा नाही. तिचा नवरा तूगर थाओ याने दुसरी बायको आणली, आणि मग तो हातात येईल त्याने पहिलीला मारायला लागला. एका पहाटे ब्लिया पोरीला पाठीशी बांधून माहेरी आली. मागोमाग थाओंचा निरोप आला : ती आपल्या पायांनी गेली, आमच्या पितरांनी तिचं नाव टाकलं.

ना सासरची ना माहेरची. बापाने तिला आल्याच्या शेताच्या कडेला झोपडी बांधून दिली. खांब पुरताना चोंगसूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो घाम पुसल्यासारखं पुसत होता. पुढे तो गेला. ब्लियाने भावाच्या शेतात राबून पोर वाढवली, शिकवली. पाकू चियांगमाईला एका कॉफीच्या दुकानात लागली. आणि मग ब्लियाच्या पोटात गाठ निघाली.

झुआ दुसऱ्याच दिवशी न्याव्हूकडे गेली. न्याव्हू तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ आणि आता लोरांतला सगळ्यांत मोठा. कुळात त्याचा शब्द खाली पडत नसे. तो सूनबाईसमोर बसून जेवत होता.

"या वहिनी, बसा. भात वाढू?"

"जेवायला नाही आले, भावोजी. ब्लियाला घरात घ्यायचं आहे. तुमचा होकार हवा."

"घरातच तर आहे. शेड काय दुसऱ्याची आहे?"

"शेडमध्ये आलं ठेवतात."

न्याव्हूने चमचा खाली ठेवला. "मी काय तिचा वैरी आहे? माझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय तिने. पण नियम मी केला का? आज एकीला घेतलं, की उद्या गावोगावच्या येतील. नवऱ्याशी बिनसलं की चालल्या माहेरी मरायला!"

"मरायला कोणी हौसेने येत नाही, भावोजी."

"थाओंकडे माणूस पाठवा."

"पाठवला होता. ते म्हणतात, आमची नाही."

"मग आमचीही नाही."

"मग कुणाची?"

न्याव्हू चिडला आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. "तू स्वतः मुआंची. लोरांच्या पितरांना काय चालतं आणि काय नाही, ते तू आम्हाला शिकवणार?"

झुआचं तोंड पडलं. लोरांच्या घरात तिचे केस पांढरे झाले होते. तरी ती उठली नाही. म्हणाली, "मयतात तुम्हीच गाऊन सांगता ना, की जीव जन्माच्या जागी परत जातो, जन्मताना पुरलेली आपली वार उकरून अंगावर घालतो आणि मगच पितरांची वाट धरतो? ब्लियाची वार माझ्या पलंगाखाली पुरलीय. ती दारातून आतच आली नाही तर घेणार कुठून? खिडकीतून?"

चुलीपाशी बसलेल्या सुनेला हसू फुटलं, तिने ते खोकल्यात घालवलं.

"त्यावर आता सिमेंट आहे," न्याव्हू म्हणाला.

"सिमेंट तुमच्या पुतण्याने ओतलंय, माझ्या लेकीने नाही."

न्याव्हूने हात धुतले आणि बाहेर निघून गेला. होकार मिळाला नाही.

झुआने आपली वाकळ गुंडाळली आणि शेडमध्ये ब्लियाच्या माचाशेजारी जमिनीवर अंथरली. संध्याकाळी तेंग ताट घेऊन आला. तिने ते परत सारलं.

"आई, हे काय नाटक मांडलंयस?"

"नाटक कसलं? ही बाहेर गेली तर मीही बाहेरच जाणार. मी तर पक्की लोरांची ना, कोंबडा ओवाळून आणलेली? मग सांग लोकांना, लोरांची म्हातारी डुकरांच्या शेजारी मेली. माझा जीव हाका मारून घरात आणायला किती भगत लागतात, तेही बघ."

तेंग मटकन पोत्यावर बसला. तो दुष्ट नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या त्यानेच बहिणीला उचलून चढवल्या होत्या. तो हळूच म्हणाला, "आत माझी धाकटी पोर आहे, आई. फेफरं येतं तिला. तोंडातून फेस येतो तेव्हा तूच मांडीवर घेतेस ना? उद्या तिला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

ती पोर झुआची नात होती. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नात. कुणाचं आयुष्य पणाला लावायचं ते तिने ठरवायचं होतं. तिचा तिलाच राग आला, कारण मनाच्या तळाशी तिचाही त्या भीतीवर विश्वास होता.

माचावरून ब्लिया म्हणाली, "दादा बरोबर बोलतोय. आई, तू जा आत. त्याच्या पोरीला काही झालं तर मला मेल्यावरही सुख नाही मिळायचं."

"तू गप्प पड," झुआ म्हणाली.

पाकू चियांगमाईहून आली ती भांडतच. "कोंबडा काय, भूत काय! कुठल्या जमान्यात राहता तुम्ही? मी नेते आईला माझ्या खोलीवर." पण आईच्या अंगाला हात लावला आणि तिचा आवाज बसला. या देहाला आता डोंगर उतरवणार नाही, हे तिला दिसलं. ती मामाच्या पाया पडली. मामा तोंड फिरवून शेतावर निघून गेला. पाकू कुंपणाला टेकून रडत राहिली, आणि डुकरं तिच्याकडे बघत राहिली.

ब्लियाच्या पायांवर सूज चढली. पाऊस लागला की पत्रा एवढा वाजे की तिचं कण्हणं ऐकू येत नसे. आईला तिच्या तोंडाला कान लावून बसावं लागे. झुआ फक्त पाणी पीत होती. तिलाही आता उठता बसताना भोवळ येई. शेजारणी येत, दाराशीच उभ्या राहून हळहळत आणि काळोख पडायच्या आत जात. या दोघी इथेच जाणार, असं गाव धरून चाललं होतं.

मग एका सकाळी तेंगची बायको येर मोटरसायकल घेऊन कुणाला न सांगता निघून गेली. दुपारी परतली ती मागे एका वाळक्या म्हाताऱ्याला बसवून. म्हाताऱ्याच्या काखेत कोंबडा होता. पलीकडच्या डोंगरावरचा व्हाचिंग, तोही लोरच, त्याच पितरांचा. त्याने आपल्या गावात दोन लेकी परत कुळात घेतल्या होत्या आणि त्यापायी न्याव्हूशी त्याचं बोलणं बंद होतं.

तेंग कुदळ हातात धरून बघतच राहिला. "कुणाला विचारून गेलीस?"

"कुणालाच नाही," येर म्हणाली. आजवर ती नवऱ्यासमोर मोठ्याने बोललेली कुणी ऐकली नव्हती. "मला तीन मुली आहेत. तिघींसाठी तीन शेडा बांधणार आहेस का तू? आत्ताच सांग, म्हणजे पत्रे आणून ठेवते."

"आणि धाकटीला काही झालं तर?"

"मी तिची आई आहे. मला भीती वाटत नाही असं वाटतं तुला?"

व्हाचिंग खाली उतरून कपडे झटकत होता. तो तेंगला म्हणाला, "माझी लेक सासरहून आली तेव्हा मीही तिला घरात घेतलं नव्हतं. तिने शेतात विषारी पाला खाल्ला. झाडाखाली सापडली. त्यानंतर मला अक्कल आली. बाकी दोघी मी परत घेतल्या त्या भावांच्या. माझी नाही, माझी गेली. तू बघ बाबा, तुला आधी येते का."

तेंगने कुदळ टाकली. शेडमध्ये गेला, बहिणीला उचललं आणि चालत घराच्या पुढच्या दाराशी आला. झुआ येरच्या खांद्याचा आधार घेत मागे आली. व्हाचिंगने उंबऱ्याशी उभं राहून पितरांना एकेकाच्या नावाने हाक घातली. "ही तुमची लेक, ब्लिया लोर. दुसरीकडे दिली होती, तिथे तिला जागा उरली नाही. तुम्ही उठू नका, रागावू नका, सरकून बसा, तिला जागा द्या." मग तेंगकडे वळला. "घरधन्याने म्हणायचं, घेतली."

आतल्या खोलीच्या दारात तेंगची धाकटी अंगठा चोखत उभी होती. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "घेतली."

त्यांनी ब्लियाला झुआच्या पलंगावर ठेवलं. पण तोवर तिला तापात शुद्ध उरली नव्हती. संध्याकाळकडे तिने डोळे उघडले.

"आई, पत्रा वाजत नाही. पाऊस थांबला?"

"हा पत्रा नाही गं. आपण घरात आहोत. माझ्या पलंगावर आहेस तू."

ब्लिया घाबरली. उठायची धडपड करू लागली. "घरात? मला बाहेर ने, आई. लवकर ने. दादा ओरडेल."

"दादानेच आणलंय तुला. उचलून आणलंय."

"बाहेर ने ना गं. माझे पाय चालत नाहीत. तू ओढ मला."

तेंग पुढे झाला, तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "ब्लिया, मी आणलंय. ऐकतेस का? मी आणलंय." ती त्याच्याकडे बघत होती, पण ओळखत नव्हती. "बाहेर ने" हेच ती पुटपुटत राहिली, आणि पुटपुटणं थांबलं तेव्हा पाकूने तिचा हात धरला होता आणि झुआ अजूनही तिला समजावत होती.

न्याव्हू आणि त्याची माणसं मयताला आली नाहीत. मयतात बांबूच्या नळ्यांचं वाद्य वाजवणारा गावात एकच, तोही त्यांच्यातला. त्याने पाठदुखी सांगितली. व्हाचिंगने आपल्या गावाहून दोघांना बोलावलं. ढोल तेंगने स्वतः वाजवला. वाट सांगायचं गाणं व्हाचिंगने म्हटलं : शेड, शेतातली झोपडी, थाओंचं घर, आणि मागे मागे जात या घरातल्या पलंगाखालच्या जागेपर्यंत. डोंगर ओलांडून येणारी माणसं मोजकीच होती. रांधलेलं डुक्कर उरलं.

महिन्याभरात धाकटीला पुन्हा फेफरं आलं. तिला ते आधीही यायचं, पण गावाला ते आठवेना. तेंग आईबरोबर जेवायला बसेनासा झाला.

नवं वर्ष आलं. तेंगने नव्या भाताचं ताट मांडलं आणि पितरांना जेवायला हाक घालू लागला : आजोबा, आजी, मग बाप चोंगसू. पुढचं नाव ब्लियाचं, तिथे तो थांबला. चमचा हातातच राहिला. दाराबाहेरून न्याव्हूच्या घरची माणसं जात होती, त्यांची चाल मंदावली.

झुआ वाट बघत होती. तेंगने चमचा खाली ठेवला.

मग ती उठली. बायका हाक घालत नाहीत, घालायची नसते. तिने भाताचा एक घास ताटाच्या कडेला ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "ब्लिया, ये. जेवायला ये." दोनदा म्हणाली. तेंगने तिला अडवलं नाही, आणि तिच्या सुरात सूरही मिळवला नाही.