बरोबर म्हणणारे आतोबा

माझी आत्या आणि आतोबा लॅटिन आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांच्या एकाच शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होते. तिथली पद्धत अशी, की छापण्याआधी प्रत्येक नोंद जोडीनं तपासायची. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कच्च्या मुद्रितावर बोट फिरवत ‘बरोबर’ म्हणायचं. यांची जोडी तिथेच जुळली. घरीसुद्धा आत्या तावातावानं बोलायची आणि आतोबा शांतपणे ‘बरोबर’ म्हणायचे. अशा माणसाशी भांडणार तरी काय, कपाळ!

निवृत्तीनंतर आतोबांना विसर पडत गेला. आधी चाव्या, मग मी, शेवटी आत्या. लॅटिन मात्र शाबूत. मला त्या लॅटिनचा अस्सा राग यायचा!

डॉक्टरांनी हात टेकले, आत्यानं नाही. रोज दुपारी ती त्यांच्यासमोर बसून जुनी मुद्रितं वाचायची, तीही नेमकी लग्नाच्या शब्दांची. कधीतरी त्यांच्या तोंडून ‘तू माझी बायको’ एवढं निघावं, बास, आणखी काही नको होतं तिला.

त्या दुपारी मीही तिथेच होते.

“लॅटिन मारितुस, म्हणजे नवरा,” आत्या वाचू लागली. “त्यापासून इटालियन मारितो, स्पॅनिश मारिदो, फ्रेंच मारी.”

“बरोबर.”

“स्पॅनिश कासार्से, लग्न करणं. मूळ कासा, म्हणजे घर.”

“बरोबर.”

“रुमानियन सोत्स, नवरा. मूळ लॅटिन सोकिउस, म्हणजे...” तिला पुढे वाचवेना. “म्हणजे सोबती.”

आतोबांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. आत्यानं मुद्रित मांडीवर ठेवलं.

“बाई, सुरेख वाचता तुम्ही,” ते म्हणाले. “पण दमलात. घरी कोण असतं तुमच्या?”

“नवरा असतो,” आत्या म्हणाली.

“मग निघा आता. बिचारा वाट बघत असेल.”

त्यांचं मन मोडायला नको म्हणून आत्यानं चपला घातल्या. दोन मिनिटांनी परत यायचं, असा तिचा बेत. आतोबा तिला दारापर्यंत पोचवायला गेले, वाकून नमस्कार केला आणि आतून कडी लावली.

तिनं दार वाजवलं. “अहो, मी आहे.”

“कचेरी बंद झाली, बाई. घरी जा.”

मी धावत जाऊन कडी काढली. आत्या जिन्याच्या पायरीवर बसली होती.

“चल आत,” मी म्हटलं.

“घरी जा म्हणतायत गं ते,” ती म्हणाली. “कुठे जाऊ?”