हातांनी म्हणायच्या कविता

कर्जतजवळच्या दहिवलीत पद्मजाबाई शाळेत शिकवीत आणि कविता लिहीत. त्यांचा पहिला संग्रह १९४१ साली निघाला. वृत्तात चोख बसलेल्या, गंभीर कविता. मुंबईच्या एका मासिकाने कौतुकही केले. बाईंना वाटले, आपली वाट ठरली.

पुढच्या वर्षी त्यांच्या पाच वर्षांच्या उमाला मेंदूज्वर झाला. पोरगी वाचली, पण तिला ऐकू येईनासे झाले. बाई पाठीमागून हाका मारत आणि ती उंबऱ्यात बसून शांतपणे चिंचोके मांडत राही. हळूहळू तिचे बोलणेही आटले. बाईंनी लिहिणे बंद केले. नवरा हरी रेल्वेत कारकून होता. त्याने एकदा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जे माझ्या लेकीला ऐकू जात नाही, ते कुणासाठी लिहू?"

शेजारच्या बायजाची शकू उमाच्याच वयाची. एक दिवस ती रडवेली होऊन आली.

"बाई, उमा आमच्यात खेळत नाय. आमी गाणं म्हणतो, ती नुसती बघत बसते."

"तिला ऐकू येत नाही गं."

"पण दिसतंय ना तिला?"

 बाई तशाच अंगणात उतरल्या, पोरींना गोल उभे केले, उमाला समोर घेतले आणि सुचेल तसे म्हणू लागल्या:

फणस केवढा? एवढा मोठा!
मुंगी केवढी? एवढीशी!
मुंगी निघाली फणस न्यायला,
दमून बसली दाराशी!

फणसाला दोन्ही हात पसरायचे, मुंगीला चिमूट दाखवायची, शेवटी कपाळ पुसत मटकन खाली बसायचे. तिसऱ्या खेपेला उमा सगळ्यांच्या आधी खाली बसली आणि खळखळून हसली. दुखण्यातून उठल्यापासूनचे ते पहिले हसू. बायजा कुंपणापलीकडून बघत होती. तिने डोळ्यांना पदर लावला.

मग बाईंनी अशा कविता रचायचा सपाटाच लावला. ओळ सुचली की आधी ती हातांनी उमाला दाखवायची. तिला कळली नाही तर ती ओठ मुडपून मान हलवी, आणि बाई ओळ बदलत. हरी हसून म्हणे, "उमापेक्षा मासिकाचे संपादक बरे, असं म्हणायची पाळी आली तुझ्यावर!"

त्याच मासिकाने मात्र या कविता परत पाठवल्या. यात काव्य कमी आणि हातवारे फार, असे त्यांचे मत पडले. बाईंना ते लागले. पण तोवर कशेळ्याच्या शाळेतून या कविता करून दाखवायचे बोलावणे आले होते. तिथे उमा आणि शकू ओट्यावर उभ्या राहिल्या. शकू म्हणत होती, उमा हातांनी सांगत होती, आणि समोरची पोरे उमाकडे बघून हात हलवत होती. गावच्या देवळात दर्शनाला आलेले पुण्याचे एक प्रकाशकही बघायला थांबले होते, ते कार्यक्रम संपल्यावर बाईंपाशी आले. "छापू या," ते म्हणाले, "पण शेजारी हातांची चित्रं हवीत."

चित्रांसाठी उमाच चित्रकारासमोर बसली. १९४८ मध्ये पुस्तक निघाले. पाठोपाठ आणखी दोन आली. मोठ्यांसाठी बाईंनी पुन्हा फारसे लिहिले नाही, आणि त्याची खंत त्यांच्या बोलण्यात कधी आली नाही.

उमा त्या पुस्तकांवरूनच वाचायला शिकली. प्रत्येक पानावर स्वतःचे हात दिसले की ती चित्रावर तळवा ठेवून मापून बघे. तिचे हात दरसाल चित्रातल्या हातांहून थोडे मोठे होत होते.