सातवा गोळा

मी गाव सोडलं त्या सकाळी वेशीपर्यंतसुद्धा कुणी आलं नाही. माझे वडील, आबा, माझी वळकटी डोक्यावर घेऊन खालापूरच्या डोंगराखालून कर्जत स्टेशनापर्यंत चालत आले. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाले, "परत येऊ नको रं. हितलं मी बगतो."

गावकऱ्यांनो, तुम्ही आम्हाला वाळीत टाकलंत त्याला पाच-सहा वर्षं झाली. लढाईच्या दिवसांत कोळशासाठी डोंगर बोडका झाला आणि रानडुकरं आपल्या भातात उतरली. त्यांना तरी जागा कुठे उरली होती! आबा बंदुकीची दारू भरून कोंडा-गुळाचे गोळे वळायचे. चावला की फुटायचा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या शेतात तेच गोळे होते, विसरू नका. पहिल्या हंगामात तीन डुकरं जबडा फुटून मेली. दुसऱ्या हंगामात बाकीची शहाणी झाली. गोळा नाकाने लांब लोटायची आणि निवांत भात खायची. रोज संध्याकाळी मी सात गोळे ठेवायचो, सकाळी गुरं सुटायच्या आत उचलायचो.

त्या दिवशी सहाच सापडले. सातवा शोधायचा मला कंटाळा आला. आबांना म्हणालो, "सगळे उचलले."

घटकाभरात बार झाला. बांधापलीकडे आमची तांबू गाय उभी होती, खालचा जबडा गेलेला, जीभ लोंबत होती. ती ओढ्यात तोंड बुडवायची, पाणी लाल व्हायचं, पण घोट आत जात नव्हता. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आबांनी कुऱ्हाड घेतली. मी शिंगं धरली. चार घाव लागले.

गोहत्या म्हणून पंच बसले. आबांना सगळं कळलं होतं, तरी म्हणाले, "गोळा म्याच ठेवला, म्याच इसरलो. पोराला यातलं कायबी ठावं नाय." मी गप्प बसलो.

इथे शहरात मिलच्या मागच्या गटारात डुकरं लोळतात, माणूस खेटून गेला तरी उठत नाहीत. मीही सरावलोय. विणकामाच्या साच्यांच्या खडखडाटात डुलकी काढतो, शिफ्ट संपली की चाळीत येऊन जेवतो. फक्त कुणी "गावाला कधी जाणार?" विचारलं की ताट सारून उठतो.

आबा गेल्याचं मला दहाव्यानंतर कळलं. वरच्या वाडीतल्या ठाकर आदिवासींनी खांदा दिला म्हणे, तुमच्यातलं कुणी उठलं नाही. त्या दिवसापासून मला माझी लाज वाटते, आणि तुमचीही.

गाव म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच, की तिथे माझं पाप आबांच्या नावावर आहे. मला घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आबांना मात्र परत घ्या.