सगळेच ठिपके सारखे काळे

तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत स्कॅनरकाकांनी बावीस वर्षं काढली. वरच्या मजल्यांवरचे संशोधक कागदासारखे पातळ नमुने घेऊन यायचे, काका ते काचेवर पालथे घालायचे आणि ठिपक्यांचं चित्र पडद्यावर उमटायचं. इमारतीतले झाडून सगळे त्यांना काका म्हणत. सख्ख्या नात्याने काका म्हणणारी एकच, त्यांची पुतणी. ती दुसऱ्या मजल्यावर तीन वर्षं एका औषधामागे हात धुऊन लागली होती.

काकांचा हात कधी चुकत नाही, असं सगळे म्हणत. काकाही कोणाला अडवत नसत. चार महिन्यांनी निवृत्ती होती आणि हा लौकिक घेऊनच घरी जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सोमवारी पुतणी तोंड पाडून खाली आली. औषध लागू पडत असेल, तर ते दिलेल्या पेशींचा ठिपका फिका यायला हवा होता. तो न दिलेल्यांइतकाच काळाकुट्ट आला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंनी शुक्रवारी काम गुंडाळायला सांगितलं होतं.

काकांनी चित्र पाहिलं. ठिपके सुरेख होते. जरा जास्तच सुरेख होते.

स्कॅनर नमुन्याच्या प्रत्येक बिंदूतला उजेड मोजतो, शून्यापासून पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत; उजेड जितका जास्त, तितका पडद्यावरचा ठिपका काळा. त्यापुढे त्याची मजल नाही. पेला काठोकाठ भरला की वरून तांब्या ओता नाहीतर बादली, पेल्यात पाणी तेवढंच. असे भरून वाहणारे बिंदू यंत्र पडद्यावर लाल करून दाखवतं. आठ वर्षांपूर्वी वरच्या मजल्यांनी कटकट लावली होती. लाल डाग बरे दिसत नाहीत, ठिपके ठसठशीत येत नाहीत, वेळ फार लागतो. काकांनी एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावला. लाल रंग बंद केला, संवेदनक्षमता चढवली, बिंदू जाडे केले आणि ती मांडणी यंत्रात कायमची साठवली. तेव्हापासून प्रत्येकाचा नमुना त्याच मांडणीवर निघत आला. सगळे खूश होते. विज्ञानाला कोणी विचारलं नव्हतं.

काकांनी लाल रंग परत चालू केला. दोन्ही ठिपके लालभडक झाले. मग त्यांनी संवेदनक्षमता उतरवली, बिंदू बारीक केले आणि तोच नमुना पुन्हा लावला. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागली. दोघं पडद्याकडे बघत बसले. औषधाचा ठिपका दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी भरला.

पुतणीने आकडे तीनदा वाचले. मग तिच्या लक्षात आलं की हे वर सांगावं लागणार.

"काका, मशीन बिघडलं होतं म्हणा ना."

"मशीनने मी सांगितलं तेच केलं," काका म्हणाले. "बिचाऱ्याला कशाला गोवायचं?"

तिला खालीच बसवून ते एकटे वर गेले. बाईंना त्यांनी सगळं सांगितलं, आठ वर्षांसकट. त्या काळात बाईंचे स्वतःचे चार शोधनिबंध छापून आले होते, त्यातलं एकेक चित्र काकांनी काढलेलं. बाईंनी चारही निबंध कपाटातून काढून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ एकही उघडला नाही. शेवटी म्हणाल्या, पोरीचं काम चालू राहू दे, आणि उद्यापासून हे चार तपासायला घेऊ, जे जुने नमुने सापडतील ते.

काका उठले.

"तुमच्या निरोपाच्या भाषणात मी म्हणणार होते, यांचा हात कधी चुकला नाही," बाई म्हणाल्या.

"आता भाषण लवकर संपेल," काका म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. काकांनाही हसू आलं नाही.

खाली पुतणी दारातच उभी होती. काम चालू राहणार एवढंच त्यांनी सांगितलं. तिने काकांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि रडायला लागली. काकांना जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटत होती, आणि तो हात सोडवून घ्यावासा वाटत नव्हता.