सत्त्याऐंशीपट लहान गाव

आमच्या मंडळात साताठ माणसं आहेत आणि एक सोडून सगळ्यांची आयुष्यं गाड्या बनवण्यात गेली. कुणाचं प्रेसशॉपमध्ये, कुणाचं पेंटशॉपमध्ये, कुणाचं डिस्पॅचला. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांमधून जन्मभर मोठ्या गाड्या बाहेर काढल्यावर शहाणा माणूस निवृत्त होऊन गाडीकडे पाठ फिरवून झोपेल. आम्ही छोट्या गाड्या जमवतो. जुन्या जमान्यातल्या मोटारींच्या, खऱ्याहून सत्त्याऐंशीपट लहान प्रतिकृती. गाड्या ठेवायला रस्ता हवा म्हणून रस्ता करतो, रस्त्याला गाव हवं म्हणून गाव करतो, आणि गाव मेल्यासारखं वाटू नये म्हणून भोवती रूळ टाकून त्यावर रेल्वे फिरवतो. प्लायवूडच्या फळीवरच्या या पसाऱ्याला आम्ही लेआउट म्हणतो. घरचे काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

मंडळाचे अध्यक्ष क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झाले. कंपनीने त्यांना निरोप दिला, पण त्यांनी क्वालिटीला दिला नाही. रविवारी कुणाचाही लेआउट बघायला गेले की चहाच्या आधी खिशातून मापं घ्यायचं व्हर्नियर काढतात. "तुमचं गाव पासष्ट सालचं आणि या गाडीचा बंपर सत्तरनंतरचा. रिजेक्ट." एका हेडलाइटच्या काचेवरून पेंटशॉपवाल्यांनी त्यांच्याशी अख्खा पावसाळा अबोला धरला होता. डिस्पॅचवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांनी घाटातलं एक गाव इतकं देखणं केलं की बघत राहावं, पण गाड्या मात्र सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, दोहोंत सारखं अंतर ठेवून उभ्या. डॉक्टरची गाडी, नवरदेवाची गाडी, सरकारी जीप, सगळ्या जणू उद्या सकाळी ट्रेलरवर चढणार आहेत. त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "वाकडी लावली की मला झोप लागत नाही."

खुद्द अध्यक्षांच्या घरी मागच्या खंडेनवमीला त्यांच्या पत्नीने घरातल्या वाहनांची पूजा केली. वाहन म्हणजे वाहन, त्यात लहानमोठं कसलं? खालची मोटार झाली, स्कूटर झाली, मग त्यांनी काचेचं कपाट उघडलं आणि आतल्या एकूण एक गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावून वर झेंडूची पाकळी ठेवली. अध्यक्ष दिवाळीपर्यंत कान कोरायच्या काड्या घेऊन ते पुसत बसले होते. मला विचाराल तर त्या गाड्या आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याकडच्या वाटत होत्या.

या सगळ्या वेडाला एक नियम आहे आणि तो अध्यक्षांनीच घातलाय. लेआउटवर गाडी ठेवायची तर ती तिथे का आहे ते सांगता आलं पाहिजे. कुणाची, कशासाठी आली, कोणी पाहिली. पुरावा नसेल तर गाडी कपाटात.

दोनेक वर्षांपूर्वी माझा एक वर्गमित्र या मंडळात आला. आम्ही एकाच गावचे, कुरुळीच्या पलीकडचे. एकाच शाळेत शिकलो. एका ओळीत बसलो असं मात्र म्हणता येणार नाही. तो गावातला, आम्ही वस्तीतले. बौद्ध वस्ती असं आज म्हणतात, तेव्हा ज्या नावाने म्हणत ते मी लिहिणार नाही. मी शिकून टूल डिझाइनला लागलो आणि रहाटणीत फ्लॅट घेतला. तो शिकला नाही, कारण त्याला गरज नव्हती. त्याच्या रानात आता ज्वारीच्या जागी शेड उभ्या आहेत, शेडमध्ये कंपन्या भाड्याने आहेत, आणि तो दिवसभर मोकळा आहे. मोकळ्या माणसाला छंद लागतो. त्याने बंगल्यातला वरचा हॉल रिकामा करून घेतला आणि जाहीर केलं, "राव, मला माझं गाव करायचंय. आपण तिसरीत व्हतो तवाचं. जसंच्या तसं."

जसंच्या तसं या शब्दांवर मंडळ तुटून पडलं. खरं गाव आता कुठे बघायला मिळतं? अर्ध्यावर शेड आल्या, आमची वस्ती तर रस्ता रुंद करताना गेली. तेव्हा प्रत्येकाने हात लावला. चावडी झाली, मारुतीचं देऊळ झालं, पिंपळाचा पार झाला आणि त्याच्या दगडाला पडलेली चीरसुद्धा झाली. शाळेची कौलं पेंटशॉपवाल्यांनी एकेक करून मळकी केली. वर्गमित्राच्या वडिलांचं घर तर असं साधलं, की ओसरीवरच्या घोंगडीच्या दशा दिसत होत्या.

मग गाड्या आल्या. आम्ही तिसरीत होतो तेव्हा गावातलं वाहन म्हणजे बैलगाडी, आणि तिलाही दोनच चाकं. वर्गमित्राने खोकंभर विंटेज मोटारी मागवल्या आणि भावकीतल्या प्रत्येक घरापुढे एकेक उभी केली. टपाची, बिनटपाची, पितळी भोंग्याची. ज्या चुलत्याला मी कायम उघड्या पायांनी पाहिलं, त्याच्या दारात संस्थानिकाला शोभेल अशी लांबलचक मोटार आली. स्वतःच्या वडिलांपुढे तीन. शिवाय रेल्वे. नाशिकची रेल्वे येणार येणार म्हणून ऐकत आमची पिढी म्हातारी झाली; याच्या हॉलमध्ये ती एका शनिवारी दुपारी आली आणि फिरायला लागली.

अध्यक्षांनी नियमाप्रमाणे पुरावा मागितला. वर्गमित्राने मटण मागवलं. रश्श्याच्या दुसऱ्या वाटीनंतर अध्यक्ष म्हणाले, "पाहुणे आले असतील कुणाकडे."

मी त्या फळीवर आमची वस्ती शोधत होतो. पारावरून शाळा, शाळेवरून खालच्या अंगाला उतरणारा रस्ता, तो रूळ ओलांडून पलीकडे गेला आणि लगेच फळीची कड. वस्ती कडेच्या पलीकडे, म्हणजे हवेत. मी विचारलं. वर्गमित्र अगदी मनापासून म्हणाला, "भावा, फळीच संपली बघ. न्हाईतर केली असती की! आपल्यात असलं काय न्हाई." मग मी मंडळापुढे विषय काढला. हेडलाइटच्या एका काचेसाठी पावसाळाभर न बोलणारी ही माणसं. पण अख्खी वस्ती नाही म्हटल्यावर सगळे एकदम समजूतदार झाले. जागेची मर्यादा असते. कुठेतरी थांबावं लागतं. डिस्पॅचवाले तर म्हणाले, कडेला घरं आली की दिसायला गर्दी होते. मला राग आला. अजूनही येतो.

त्या रागातच मी गाडी करायला घेतली. कारण त्या काळात आमच्या गावात मोटार एकदाच आली आणि ती कुठे उभी राहिली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, देहूरोडला लष्करातल्या एका साहेबाचे ड्रायव्हर होते. काळी अँबॅसिडर, मागच्या काचांना पडदे. साहेबाला भीमाशंकरला नेताना आमच्या गावाजवळ गाडी तापली आणि रेडिएटरला पाणी हवं झालं. गावचा आड समोर होता, पण त्या आडाला आमचा हात चालत नव्हता. हे साहेबाला कुठल्या तोंडाने सांगणार? दादांनी सांगितलं, "साहेब, पुढं चांगलं पाणी हाय," आणि ती वाफाळती गाडी अख्ख्या गावातून हाकत आमच्या वस्तीत, आमच्या घरापुढे आणली. साहेब बाजेवर बसून चहा प्यायला. आणि गाडी बघायला सगळं गाव आमच्याकडे लोटलं. ज्यांनी त्याआधी वस्तीत पाय ठेवला नव्हता आणि नंतरही ठेवला नाही, ते त्या दिवशी पाठीमागे हात बांधून आमच्या अंगणात उभे होते. हा वर्गमित्र दादांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवत होता. पाणी मात्र कुणी प्यायलं नाही.

या मापात अँबॅसिडर सहज मिळत नाही. एक विलायती गाडी मिळवली, तिचं नाक घासलं, काळा रंग दिला, पडद्यांसाठी बायकोच्या साडीच्या फॉलची चिंधी वापरली. बोटाच्या दोन पेरांएवढी गाडी, पण अध्यक्षांना खोड काढता आली नाही. वर्गमित्राला दिली आणि म्हटलं, "हिला पुरावा आहे. तूच साक्षीदार आहेस. आता हिला उभं राहायला जागा कर." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आयला, हीच की रं ती! पडदं बी हायत!" म्हणत त्याने गाडी उचलली, वडिलांच्या दारातली एक मोटार बाजूला केली आणि तिथे ठेवली. "आमच्याच दारात उभी व्हती. मी हॉर्न वाजवला हुता, आठवतंय का?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट. त्याला रंग आठवत होता, पडदे आठवत होते, हॉर्नचा आवाज आठवत होता. पन्नास वर्षांत गाडी हळूहळू सरकत त्याच्या दारात येऊन थांबली होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

उद्घाटनाचं बोलावणं दादांनाही आलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याकडेच असतात. बोलावणं द्यायला वर्गमित्र स्वतः आला, "काका, यायलाच लागतंय" म्हणाला. त्याचे वडील दादांना नुसत्या नावाने, तेही अर्ध्या, हाक मारायचे. तेव्हा काका म्हणणं ही प्रगतीच. तो गेल्यावर दादांनी मला विचारलं, "आपलं घर कसं केलंय?" मी काय सांगणार? गाव बघायला मिळेल ती एकच जागा उरली होती आणि तिथेही आम्ही नव्हतो. मी स्पष्टच सांगितलं, की नाही केलेलं, आणि गाडी कुठे ठेवलीय तेही सांगितलं. नको जायला, असंही म्हणालो. दादांनी कपाट उघडून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री कर."

उद्घाटनाला नारळ होता, फीत होती, नगरसेवक होऊ इच्छिणारे दोघे होते. भाषणात अध्यक्ष म्हणाले की असं अचूक गाव पुणे जिल्ह्यात दुसरं नसेल. टाळ्या झाल्या. रेल्वे सुरू झाली. भावकीतली माणसं आपापल्या मोटारी ओळखू लागली. एका पुतण्याने तर चुलत्याची ती लांबलचक गाडी आपल्याला "चांगली आठवतीय" म्हणून सांगितलं.

दादा काठी टेकत फळीभोवती एकदा फिरले. वर्गमित्राच्या वडिलांच्या घरापुढे थांबले. "ही हितं कशी?"

"काका, आमच्या दारात उभी ऱ्हायली न्हवती का? मी तुमच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवला की!"

"हॉर्न वाजवलास, खरंय. पर हितं न्हाई."

दादांनी काठी माझ्याकडे दिली आणि दोन बोटांत गाडी धरली. उचलली नाही. फळीवरूनच चालवली. दारातून बाहेर काढली, पाराला वळसा घातला, देवळापुढून शाळेपाशी आणली. शाळेच्या वळणावर वेग कमी केला. लोक बाजूला होत गेले. रस्ता रुळांपाशी पोचला तेव्हा समोरून रेल्वे येत होती. दादांनी गाडी थांबवली. सगळे डबे जाईपर्यंत तशीच धरली, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग रूळ ओलांडले. अध्यक्ष कुजबुजले, "रंगावर बोटांचे ठसे उठतील." दादांना ऐकू कमी येतं.

गाडी कडेला पोचली. पुढची दोन चाकं फळीच्या बाहेर आली आणि दादांचा हात तिथेच राहिला.

"रस्ता हितंच संपला व्हय?"

"फळी संपली, काका," वर्गमित्र म्हणाला.

"मग वाढवा."

वर्गमित्र हसला, मग हसायचा थांबला. "काका, तिकडं हॉलचं दार हाय. फळी वाढवली तर दार उघडायचं न्हाई."

"मग दार काढा."

रेल्वे फेऱ्या मारत होती, ती कुणीतरी बंद केली. मी दादांना म्हणालो, चला, आपण घरी जाऊ. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या हाताने खुर्चीची खूण केली. खुर्ची आली. गाडी धरलेला हात तसाच कडेवर ठेवून ते बसले, आणि वर्गमित्राला म्हणाले, "सुताराला फोन लाव. मला घाई न्हाई."