गोल्टी म्हणजे गोल नव्हे

माझी नात नाशकात कॉम्प्युटर सायन्स शिकते, शेवटच्या वर्षाला. मी चौथीपर्यंत शिकलो, पण कांद्याची प्रत सांगायला मला कधी कोणाला विचारावं लागलं नाही. लासलगावच्या लिलावात व्यापारी काय बोलणार, ते मी ट्रॅक्टर घरून निघायच्या आधी सांगतो. नातीने प्रोजेक्टलाही कांदाच घेतला. मोबाइलने फोटो काढायचा आणि मोबाइलनेच प्रत सांगायची.

शनिवारी सकाळी ती आली आणि थेट कांदा साठवायच्या चाळीत शिरली. मी ढिगातला सगळ्यात देखणा कांदा तिच्यापुढे धरला. मुठीत मावत नव्हता. मोबाइल म्हणाला, गोल्टी.

गोल्टी म्हणजे बारका माल, निवडून बाजूला काढतात तो. माझ्या कांद्याला माझ्याच चाळीत गोल्टी म्हणणारा अजून जन्मायचा होता.

"तुझ्या कॉम्प्युटरला चष्मा लागलाय."

"त्याची चूक नाय आबा. फोटोवर आपण जे नाव लिहू तेच तो शिकतो."

"मग गोल्टी कशावर लिहिलं?"

"जे गोल गरगरीत होते त्यांच्यावर."

मी हसलो तो ठसका लागेपर्यंत. पण तिला काय बोलणार? ती कांदे निवडायला बसली की आम्हीच तिला अभ्यासाला पिटाळायचो. ती काही हसली नाही. सोमवारी बाहेरचे सर प्रोजेक्ट तपासायला येणार होते. हे असंच राहिलं तर नापास.

"बस," म्हटलं, "मी सांगतो, तू लिही."

दोन दिवस मी कांदा उचलायचा, प्रत सांगायची, तिने फोटो काढून नाव घालायचं. आपण म्हणू तेच खरं धरणारा कोणीतरी या घरात आला, म्हणून मी खुशीत होतो. रविवारी दुपारी तिने एक कांदा पुढे केला. मी म्हणालो, गोल्टी.

"सकाळी याच कांद्याला तुम्ही मोठा म्हणाले."

"हा तो नाय."

तिने फोटो दाखवला. सालीवरचा डाग तोच.

"सकाळी चहा झाला नव्हता," मी म्हणालो.

"आबा, एकाच कांद्याला दोन नावं दिली तर तो बिघडतो. एक काय ते सांगा."

मी कांदा फिरवून फिरवून बघितला. आमची ही दारातून म्हणाली, "माहीत नाय म्हणा की. त्याला काय मोड येतात?"

लग्न झाल्यापासून तो शब्द मी तिच्यासमोर उच्चारला नव्हता. पण पोरीचं वर्ष माझ्या हातात होतं. कांदा खाली ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणालो, "नाय सांगता येत."

तिने तसल्या कांद्यांचा वेगळा ढीग करायला लावला आणि त्यांच्या फोटोंवर 'सांगता येत नाही' असंच लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्यात पाटीभर कांदे पडले. प्रत्येकाला तेच बोलावं लागलं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. पास झाली. सरांनी विचारलं म्हणे, हे 'सांगता येत नाही' याला कोणी शिकवलं? जिथे खात्री नाही तिथे मशीन गप्प बसतं, हेच त्यांना सगळ्यात आवडलं.

"तुमचं नाव सांगितलं आबा."

म्हणजे दोन दिवस एवढं बरोबर सांगितलं त्याचं काही नाही, आणि जे आलं नाही त्याचे मार्क. मी म्हटलं, तुमच्या सरांना एकदा चाळीत घेऊन ये.